सूर्याचे फोटो नुसते बघायचेत की मोजायचेत, आधी ते ठरव

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे की बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहेस, मे २०२४ च्या सौरवादळावर प्रोजेक्ट घेतलंय, लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, पायथन जेमतेम येतं, आणि सूर्याच्या फोटोंवर काम करायला फुकटातलं, ओपन सोर्स असं कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, सूर्याचे फोटो दाखवणारं जेहेलिओव्ह्यूअर की पायथनमधलं सनपाय हे पॅकेज, शिवाय आपल्या आदित्य-एल१ या सौरयानाचा डेटा त्यात उघडतो का, आणि घरच्या दुर्बिणीतून काढलेल्या फोटोंचं काय. मी गेली बारा-तेरा वर्षं हेच करतोय आणि दरवर्षी दोन-चार पोरं प्रोजेक्टला येतात ती सगळी इथंच येऊन अडकतात, त्यामुळे जरा ऐसपैस सांगतो.

दोन्ही घे. पण दोघांची कामं वेगळी आहेत आणि ती एकात एक मिसळलीस की प्रोजेक्टचं वाटोळं होतं. जेहेलिओव्ह्यूअर बघायला, सनपाय मोजायला. हे वाचायला सोपं वाटतं पण निम्मी पोरं जेहेलिओव्ह्यूअरमधून पीएनजी काढून त्यावरच ब्राइटनेस मोजत बसतात आणि मग व्हायवाला एक्झामिनर एकच प्रश्न विचारतो, की हे आकडे नेमके कशाचे आहेत, आणि सगळे एकमेकांकडे बघतात.

आधी डेटा कुठून येतो ते बघ. तू जे सोनेरी, लाल, जांभळे सूर्य बघतोस ते बहुतेक नासाच्या एसडीओचे, ११ फेब्रुवारी २०१० ला उडालेलं यान. त्यावरचा एआयए कॅमेरा दहा वेगवेगळ्या तरंगलांबीत फोटो काढतो, प्रत्येक फोटो ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलचा, आणि टोकाच्या अतिनील तरंगलांबींच्या चॅनेलमध्ये दर १२ सेकंदाला एक. एक पिक्सेल म्हणजे ०.६ आर्कसेकंद, सूर्यावर साधारण ४३५ किलोमीटर, म्हणजे मुंबई ते पणजी हवाई अंतर एका ठिपक्यात बसतं. रोजचा डेटा दीड टेराबाइटच्या घरात. हा ढीग आपल्या वायफायवरून उतरवणं शक्य नाही, आणि हेलिओव्ह्यूअरवाल्यांनी डोकं लावलं ते इथंच.

त्यांनी काय केलं तर प्रत्येक फोटो जेपेग २००० मध्ये साठवला. या फॉरमॅटची गंमत अशी की एकाच फाइलमध्ये फोटो पायरीपायरीने भरलेला असतो, आधी ढोबळ मग बारीक, आणि सर्व्हरकडून तुला हवा तेवढाच तुकडा हव्या तेवढ्या बारकाईने मागता येतो. पंगतीत वाढपी कसा विचारून वाढतो, अख्खं पातेलं पानात ओतत नाही, तसं. तू पूर्ण सूर्य बघत असशील तर ढोबळ फोटो येतो, एका डागावर झूम केलंस की फक्त तेवढ्या भागाचा बारीक डेटा येतो. त्यामुळे तुझ्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर चार-पाचशे फ्रेमची फिल्म आरामात फिरते. जेहेलिओव्ह्यूअर जावामध्ये लिहिलेलं आहे, विंडोज, मॅक, लिनक्स कशावरही चालतं, ग्राफिक्स कार्ड साधं असलं तरी बहुतेक वेळा पुरतं. इन्स्टॉलच करायचं नसेल तर ब्राउजरमध्ये हेलिओव्ह्यूअरची वेबसाइट आहे, पण प्रोजेक्टला डेस्कटॉपवालंच घे, लेयरवरचा ताबा त्यात जास्त मिळतो.

आता तुझं वादळ. जेहेलिओव्ह्यूअर उघड, तारीख ८ मे २०२४ ते १५ मे २०२४ टाक, कॅडेन्स, म्हणजे दोन फोटोंमधलं वेळेचं अंतर, आधी अर्धा तास ठेव, १२ सेकंद ठेवलंस तर संध्याकाळपर्यंत लोडच होत बसेल. पहिला लेयर एचएमआयचा (एसडीओवरचाच दुसरा कॅमेरा) कंटिन्युअम, म्हणजे साध्या उजेडातला सूर्य. त्यात एक भलामोठा डागांचा घोळका दिसेल, तो एआर १३६६४, तेव्हा ग्रहणाच्या चष्म्यातून नुसत्या डोळ्यांना दिसत होता. दुसरा लेयर एआयए १३१ अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचं एकक), तिसरा १७१. लेयरची अपारदर्शकता कमीजास्त करून बघ, डाग खाली आणि त्याच्यावर प्लाझ्माच्या, म्हणजे तापलेल्या विद्युतभारित वायूच्या, कमानी कशा उभ्या आहेत ते एका नजरेत कळतं, पुस्तकातल्या आकृतीने हे कधी कळत नाही. मग १० मेच्या एक्स ३.९ फ्लेअरपाशी (फ्लेअर म्हणजे सूर्यावरचा अचानक भडका, एक्स हा त्यातला सगळ्यात जोरदार वर्ग) थांब, १४ मेच्या एक्स ८.७ पाशी थांब. तोपर्यंत हा डाग पश्चिम कडेला पोचलेला असेल. सूर्य विषुववृत्तापाशी पंचवीसेक दिवसांत एक फेरी मारतो आणि ध्रुवांकडे पस्तिसेक दिवसांत, हे तू वाचलं असशील, इथं ते डोळ्यासमोर सरकताना दिसतं.

वेळेबद्दल एक, हसू नकोस. सगळीकडे वेळ यूटीमध्ये, म्हणजे जागतिक वेळेत, असते. १४ मेची फ्लेअर १६:५१ यूटीला शिगेला पोचली म्हणजे आपल्याकडे रात्रीचे १०:२१ झालेले. माझ्याकडच्या एका पोराने दुसऱ्या एका फ्लेअरसाठी भारतीय वेळ जशीच्या तशी टाकली, साडेपाच तास पुढचा डेटा उतरवला, आणि महिनाभर फ्लेअर शोधत बसला. शेवटी म्हणाला सर सूर्यावर काहीच होत नाहीये.

मग चौथा लेयर घाल, सोहोचा लॅस्को सी२ आणि पाचवा सी३. सोहो २ डिसेंबर १९९५ ला उडालेलं, आपल्यापासून १५ लाख किलोमीटरवर सूर्य-पृथ्वीच्या ओढीचा तोल साधणाऱ्या एल१ बिंदूपाशी बसून अजून काम करतंय, मला तर हे पोरांच्या वयापेक्षा म्हातारं यान बघून भरून येतं. हे कोरोनाग्राफ, म्हणजे मधे तबकडी धरून सूर्य झाकलेला आणि आजूबाजूचा कोरोना, म्हणजे सूर्याचं बाहेरचं वातावरण, दिसतो. नुसतं बघितलंस तर धूसर दिसेल, म्हणून डिफरन्स इमेज चालू कर, म्हणजे प्रत्येक फ्रेममधून आधीची फ्रेम वजा होते आणि जे हललं तेवढंच उरतं. ८ मेपासून एकामागोमाग एक सीएमई, म्हणजे सूर्याने बाहेर फेकलेले प्लाझ्माचे ढग, निघालेले दिसतील, तबकडीच्या चारी बाजूंनी कडं पसरल्यासारखं दिसलं की समज तो आपल्याच दिशेने येतोय (किंवा थेट उलट दिशेने जातोय, एका फोटोवरून कळत नाही, त्यासाठी त्या वेळी १३१ मध्ये समोरच्या बाजूला काही भडकलं होतं का ते बघायचं). मधूनच फ्रेमभर पांढरे ठिपके बर्फ पडल्यासारखे दिसतील, तो कॅमेरा बिघडलेला नाही, वेगवान प्रोटॉन येऊन सेन्सरवर आदळतायत. याच वादळात १० मेच्या रात्री लडाखात हानलेला आकाश लाल झालं होतं, तो संदर्भ रिपोर्टमध्ये जरूर घाल, आपल्या देशातला आहे.

जेहेलिओव्ह्यूअरमध्ये पीएफएसएस नावाचं बटण आहे, ते दाबलं की सूर्यावर चुंबकीय रेषांचं झकास जाळं येतं आणि सगळ्यांना ते रिपोर्टच्या मुखपृष्ठावर हवं असतं. लाव खुशाल. पण लक्षात ठेव की त्या रेषा कोणी बघितलेल्या नाहीत, त्या पृष्ठभागावरच्या मोजमापावरून काढलेलं गणित आहे आणि त्या गणितात कोरोनात विद्युतप्रवाह नाहीतच असं धरलंय. १३६६४ सारखा पिळलेला, रोज फ्लेअर सोडणारा डाग म्हणजे तिथं प्रवाह ठासून भरलेत, त्यामुळे नेमकं तुला हवं त्याच जागी ते मॉडेल सगळ्यात कच्चं असतं. दूरच्या शांत भागात ठीक.

आता मोजण्याकडे. हेलिओव्ह्यूअरचा फोटो ८ बिटचा आहे, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या, आणि तेसुद्धा मूळ आकडे आधीच कापून, लॉगमध्ये दाबून, मग कॉम्प्रेस करून. मूळ एआयएची व्याप्ती १६ हजारांवर जाते. त्यामुळे त्या फोटोवर दोन जागांच्या तेजाचं गुणोत्तर काढलंस तर ते सूर्याचं नाही, कोणीतरी निवडलेल्या स्केलचं गुणोत्तर आहे. रंगाचंही तेच, १७१ सोनेरी, ३०४ लाल, ९४ हिरवा ही नुसती रूढी आहे, चॅनेल पटकन ओळखता यावेत म्हणून. ह्या तरंगलांबी डोळ्याला दिसतच नाहीत. खरा अर्थ तापमानाचा, ३०४ साधारण ५० हजार केल्विन, १७१ सहा लाखांच्या आसपास, २११ वीस लाख, आणि १३१ फ्लेअरच्या वेळी कोटीभर केल्विनचा प्लाझ्मा दाखवतं, म्हणून तुला फ्लेअरसाठी १३१ बघ म्हटलं.

मोजायला फिट्स फाइल लागते. फिट्स म्हणजे फोटो नाही, आकड्यांचा तक्ता आणि त्याच्या डोक्यावर हेडर. हेडरमध्ये वेळ, एक्स्पोजर, सूर्याचा मध्य कुठल्या पिक्सेलवर, फोटो किती अंशाने फिरलाय, सगळं लिहिलेलं. नुसती फाइल उघडून बघायची असेल तर डीएसनाइन आहे, तेही ओपन सोर्स, खगोलवाले वर्षानुवर्षं वापरतात, माउस नेशील तिथला आकडा दाखवतं. पण पुढचं सगळं सनपायमध्ये. पूर्वी हे काम सोलरसॉफ्टमध्ये व्हायचं, अजूनही बरेच जुने लोक त्यातच करतात, ते स्वतः फुकट आहे पण ज्या आयडीएल भाषेत लिहिलंय तिचं लायसन्स विकत घ्यावं लागतं आणि ते कॉलेजच्या बजेटबाहेरचं. सनपाय २०११ मध्ये सुरू झालं ते याच कटकटीतून, १.० यायला २०१९ उजाडलं.

इन्स्टॉल करताना थेट सिस्टिमच्या पायथनमध्ये घालू नकोस, मिनीफोर्ज टाक, वेगळं एन्व्हायर्नमेंट बनव, त्यात सनपाय आणि एआयएपाय (एआयएच्या फाइलींसाठीचं पॅकेज) घाल. डेटा मागायला सनपायमध्ये फिडो आहे, त्याला वेळ, यंत्र, तरंगलांबी सांगितली की तो कुठल्या सर्व्हरवर काय आहे ते शोधून आणतो. इथं पोरं पहिली चूक करतात, एका तासाचा १३१ मागतात, म्हणजे ३०० फाइली, प्रत्येक दहा एमबीच्या आसपास, तीन जीबी. उतरतात कशाबशा. मग सगळ्या एकदम मेमरीत उघडतात. एक फोटो मेमरीत दशांश आकड्यांत उलगडला की १३० एमबीच्या वर जातो, शंभर उघडलेस की १३ जीबी, लॅपटॉप गपगार. तू एक तर सॅम्पल दोन-दोन मिनिटांचं माग, म्हणजे दर दोन मिनिटांना एकच फोटो, नाहीतर जेसॉकचा कटआउट वापर, म्हणजे स्टॅनफर्डच्या सर्व्हरवरच तुझ्या डागापुरता चौकोन कापून, डागाच्या मागे मागे सरकवत तेवढाच तुकडा तुला देतात. त्यासाठी एकदा ईमेल नोंदवावा लागतो, बास. आणि फाइली एकेक उघड, आकडा काढ, बंद कर, पुढची. रिपोर्टला शेवटी एक आलेखच तर हवाय.

फाइल उतरली की सनपायच्या मॅपला द्यायची, तो हेडर वाचून अक्षांश-रेखांशासारखे सूर्याचे कोऑर्डिनेट स्वतः लावतो, रंगही लावतो. इथून पुढे जे सांगतो ते ट्यूटोरियलमध्ये सापडेल पण सुटंसुटं, आणि प्रत्येकाने माझा कधी ना कधी आठवडा खाल्लाय.

एचएमआयचा मॅप उघडलास की सूर्य उलटा दिसेल. घाबरू नकोस, कॅमेरा तसाच बसवलाय, हेडरमध्ये जवळपास १८० अंश लिहिलेलं असतं, रोटेट म्हण, सरळ होतो. न फिरवता एआयएवर ठेवलास तर दक्षिणेतला डाग उत्तरेत जातो, आणि १३६६४ दक्षिणेतलाच होता, तेव्हा लगेच पकडता येईल. एआयएच्या लेव्हल १ फाइलीसुद्धा एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत, चार दुर्बिणी आहेत, प्रत्येकीचा किंचित कल वेगळा, म्हणून एआयएपायमधलं रजिस्टर आधी चालव, मगच चॅनेल एकमेकांवर ठेव.

फ्लेअरची फिल्म बनवलीस आणि ती दिव्यासारखी लुकलुकायला लागली तर ते सूर्याचं नाही. फ्लेअर फार तेजस्वी झाली की एआयए आपणहून एक फ्रेम आड एक्स्पोजर कमी करतो, म्हणजे किमान त्या फ्रेम जळू नयेत. प्रत्येक फोटोला त्याच्या हेडरमधल्या एक्स्पोजरने भाग, आणि सगळ्या फ्रेमना खालची-वरची मर्यादा एकच दे, आपोआप स्केल होऊ देऊ नकोस. दोन्ही केलंस की फिल्म शांत होते. माझ्या पहिल्या कॉन्फरन्सला मी ही लुकलुक स्पंदन म्हणून दाखवली होती, सांगतो कशाला.

त्याच फ्रेममध्ये फ्लेअरमधून तिरक्या रेघा निघालेल्या दिसतील, फुलीसारख्या. त्या किरणबिरण नाहीत, फिल्टरला आधार द्यायला बारीक जाळी आहे तिच्यामुळे प्रकाश विखुरतो. उभा पांढरा पट्टा दिसला तर तो पिक्सेल भरून ओसंडलेला. अशा ठिकाणचा आकडा घ्यायचाच नाही, तिथं यंत्राची हद्द संपली.

आणि मार्च-सप्टेंबरच्या आसपास एखादी फ्रेम अर्धी काळी किंवा पूर्ण काळी मिळाली तर एसडीओ पृथ्वीच्या आड गेलंय, वर्षातून दोनदा तीनेक आठवडे हा प्रकार रोज होतो, जास्तीत जास्त ७२ मिनिटं. तुझं मे महिन्यातलं आहे त्यामुळे सुटलास. पुढे कधी नोव्हेंबर २०२४ नंतरचा डेटा लागला तर एक ध्यानात असू दे, २६ नोव्हेंबर २०२४ ला स्टॅनफर्डच्या त्या इमारतीत पाण्याचा पाइप फुटून सर्व्हर रूममध्ये पाणी शिरलं आणि एसडीओचा डेटा मिळणं बराच काळ रखडलं होतं. तेव्हा आम्ही अमेरिकेच्या गोज उपग्रहावरच्या सुवी कॅमेऱ्यावर भागवलं, रिझोल्यूशन कमी पण चॅनेल बरेचसे तेच. एकाच यानावर अख्खं प्रोजेक्ट टांगायचं नाही हे तेव्हा परत एकदा शिकलो.

दहा-बारा वर्षांच्या फोटोंची तुलना करणार असशील तर डिग्रेडेशनची दुरुस्ती लावावी लागते, वर्षांगणिक कॅमेऱ्याची नजर मंदावते, ३०४ आणि ३३५ मध्ये तर फारच. तुझ्या आठवडाभराच्या कामाला त्याने फरक पडणार नाही, तरी रिपोर्टमध्ये एक ओळ लिही, एक्झामिनर खूश होतात.

सनकिट-इमेज नावाचं आणखी एक पॅकेज आहे, त्यात एमजीएन सारखे फिल्टर आहेत, फोटो असा काही खुलतो की कमानींचा धागा न् धागा दिसतो. दाखवायला उत्तम, मोजायला बाद, कारण तो फिल्टर जागोजागी ब्राइटनेस समान करत जातो. मागे एकीने कडेबाहेरचं तेजोवलय हा आपला शोध म्हणून लिहून आणला होता, ते वलय फिल्टरने घातलेलं. तिचं कौतुक एवढंच की कोड उघडा असल्यामुळे तिने स्वतःच आत शिरून कुठल्या ओळीत हे होतंय ते शोधलं. ओपन सोर्सचा फुकट असण्यापेक्षा हा फायदा मला मोठा वाटतो, बंद डब्यातलं सॉफ्टवेअर असतं तर ते वलय आज कुठल्यातरी पेपरात असतं.

आदित्यचं विचारलंस. आदित्य-एल१ २ सप्टेंबर २०२३ ला श्रीहरिकोट्याहून गेलं, ६ जानेवारी २०२४ ला एल१ भोवतीच्या कक्षेत बसलं, म्हणजे तुझ्या वादळाच्या वेळी ते तिथं होतं. त्यावरचा सूट हा कॅमेरा पुण्यात आयुका या खगोल संशोधन संस्थेत घडला, २०० ते ४०० नॅनोमीटर, अकरा फिल्टर. या पट्ट्यातला बराचसा प्रकाश ओझोनमुळे जमिनीवर पोचतच नाही, आणि एआयएचे चॅनेल या पट्ट्याच्या बाहेरचे आहेत, त्यामुळे सूटचे फोटो एसडीओची नक्कल नाहीत, कोरोनाच्या खालचे थर दाखवतात. डेटा इस्रोच्या प्रदान पोर्टलवर मिळतो, नाव नोंदवून उतरवायचा, फाइली फिट्सच, त्यामुळे अ‍ॅस्ट्रोपाय या पायथनमधल्या खगोलाच्या पॅकेजने सरळ उघडतात. फक्त मॅग्नेशियमचा २८० नॅनोमीटरच्या आसपासचा फोटो घेऊन शेजारी एआयए ३०४ ठेवणार असशील तर लक्षात घे की सूट एल१ वरून बघतोय आणि एसडीओ पृथ्वीजवळून. एल१ सूर्याच्या एक टक्का जवळ, म्हणून सूर्य एक टक्का मोठा दिसतो, ४०९६ च्या फोटोत सूर्याच्या कडेला पंधरा-सोळा पिक्सेलचा घोळ होऊ शकतो. हाताने ओढून जुळवायला जाऊ नकोस, रिप्रोजेक्ट वापर, तो दोन्ही हेडरमधल्या जागा वाचून एक फोटो दुसऱ्याच्या नजरेतून परत आखतो. हेडरमध्ये यानाची जागा नीट लिहिलेली आहे ना हे मात्र आधी तपास, नाहीतर तो बिचारा पृथ्वीवरून बघतोय असं धरून चालतो.

घरच्या दुर्बिणीतून काढलेल्या फोटोंचंही शेवटी विचारलंयस. फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाला, आयपीसला लावायचा कधीच नाही, तो तडकतो आणि डोळा जातो. व्हिडिओच्या फ्रेम रचायला सिरिल आणि नंतर धार काढायला इंपीपीजी, दोन्ही ओपन सोर्स, इंपीपीजी तर खास सूर्य-चंद्रासाठीच बनलंय. थ्रीडी प्रिंटरवर बनवता येणारं सोलेक्स नावाचं स्पेक्ट्रोहेलिओग्राफ, म्हणजे एकाच तरंगलांबीतला सूर्य टिपणारं यंत्र, आहे, त्याचा व्हिडिओ जेसोलेक्समध्ये घातला की हायड्रोजन-अल्फातला सूर्य तयार होऊन येतो, आमच्या इथल्या एका गटाने बनवलं, पहिला फोटो अंडाकृती आला होता पण आला.

तुझ्या कामाचा क्रम म्हणशील तर पहिला आठवडा नुसतं जेहेलिओव्ह्यूअर, वहीत वेळा लिहून काढ, यूटीमध्ये. दुसऱ्या आठवड्यात त्यातल्या एकाच फ्लेअरचा १३१ चा कटआउट, एक्स्पोजरने भागून तेजाचा आलेख, आणि तो गोजच्या एक्स-रे आलेखाशेजारी ठेवून बघ, चढ-उतार साधारण जुळले तर तुझं गाडं रुळावर आहे. नाही जुळले तर मला लिही, पण स्क्रीनशॉट पाठवू नकोस, हेडर पाठव.